‘हो का?’ आणि ‘हो, का?’ : कथेतल्या संवादांचे स्वल्पविराम आणि बोलीचं व्याकरण

ओवी

नमस्कार. एका दिवाळी अंकाला दिलेली माझी कथा प्रूफ होऊन परत आली आहे. निवेदनातल्या दुरुस्त्या सगळ्या मान्य, तिथे वाद नाही. प्रश्न संवादांचा आहे. कथा करवीर तालुक्यातल्या एका गावात घडते. बोलणाऱ्या तिघी: आजी, पुण्याकडची सून मेघा आणि शेजारच्या शांताक्का. मी लिहिलेलं आणि बदलून आलेलं खाली देते.

"काय गं मेघा, कुठं गेलतीस सकाळधरनं?"
झालं: "काय गं, मेघा, कुठे गेली होतीस, सकाळपासून?"

"हो का? मला वाटलं माहेरी."
झालं: "हो, का? मला वाटलं, माहेरी."

"जा जा, लई शानी."
झालं: "जा, जा, फार शहाणी."

"बरं, मी येतो." (हे शांताक्का म्हणतात.)
झालं: "बरं, मी येते."

संपादक माझ्याशी सविस्तर बोलले. त्यांचं म्हणणं, संबोधनाला स्वल्पविराम हा नियमच आहे. आणि पात्र खेड्यातलं असलं तरी क्रियापदाचं लिंग चुकलेलं दिसलं तर वाचक ती छपाईची चूक समजेल. दोन्ही मुद्दे मी विचारात घेतलेत. पण संवादातला स्वल्पविराम मी वाक्याची रचना दाखवायला देत नाही, बोलणाऱ्याचा आवाज जिथे मोडतो तिथे देते. आवाज सलग असताना तो मध्ये आला की माझी आजी आजी राहत नाही, कुणीतरी धडा वाचून दाखवतंय असं वाटतं. ‘मला असं ऐकू येतं’ एवढ्यावर मात्र संपादकांना पटवता येणार नाही. कारणं हवी आहेत. जाणकारांनी लिहावं, विरोधी मतही हवं आहे.

खिळेजुळारी

ओवीताई, मी बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं आहे, म्हणून आधी संपादकांची बाजू. संबोधनानंतरचा स्वल्पविराम हा पोकळ नियम नाही. "सदा गेला का?" आणि "सदा, गेला का?" यात सदा कोण हेच बदलतं. पहिल्यात सदा गेलेला माणूस, दुसऱ्यात ज्याला विचारतोय तो. "आई जेवायला वाढ" हे घाईत वाचणाऱ्याला अडखळवतं. नाव कर्ता म्हणून वाचलं जाण्याची शक्यता असेल तिथे स्वल्पविराम हवाच, बोली असो वा प्रमाण.

पण "काय गं मेघा" मध्ये ती शक्यता कुठे आहे? रे, गं, हो, अगं, अहो ही मराठीची संबोधनाची खास साधनं. ‘गं’ आला की पुढची व्यक्ती हाक मारलेलीच असते, स्वल्पविरामाचं काम झालेलं असतं. म्हणून "ऐका हो पाटील", "चल रे बाळ्या" हे सलग लिहायचं आणि संबोधन संपल्यावर, पुढचं वाक्य सुरू होण्याआधी, एक स्वल्पविराम द्यायचा. तुमच्या मूळ ओळीत नेमकं तेच आहे. दुरुस्तीत एकाचे तीन झाले आणि हाकेचे तुकडे पडले.

"हो, का?" ही मात्र सरळ चुकीची दुरुस्ती आहे. "हो का?" म्हणजे असं आहे होय. "हो, का?" म्हणजे होकार देऊन उलट विचारलेला प्रश्न. अर्थच फिरला. हे संपादकांना दाखवा, बाकीच्या मुद्द्यांवरही ते ऐकतील.

करवीर

‘मी येतो’ बद्दल. आमच्याकडे कोल्हापूर भागात बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. माझी आई, मावशी, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या असंच बोलायच्या, आजही बोलतात. लिंग चुकलेलं नाही, त्या बोलीचं व्याकरण तसं आहे. शांताक्कांच्या तोंडी ‘येते’ घातलं तर आमच्या गावच्या वाचकाला ती बाई परगावची वाटेल. कृपा करून हे सोडू नका.

एक मात्र तपासा. एका पानावर शांताक्का ‘येतो’ आणि पुढच्या पानावर ‘मी सांगते’ असं झालं असेल तर संपादकांची शंका रास्त ठरते. बोली लिहायची तर शेवटपर्यंत सारखी लिहायची.

ओवी

करवीरदादा, खरंच आभार. शांताक्का सगळीकडे ‘येतो, जातो, सांगतो’च म्हणतात, आत्ता पुन्हा तपासलं. आणि मेघा पुण्याची म्हणून ‘येते’ म्हणते. कथेच्या शेवटाकडे एकदा तिच्या तोंडून ‘आलो, आलो’ निघून जातं आणि आजी नुसतं बघते. त्या एका जागेसाठी सगळीकडचा फरक जपायचा आहे.

पोथीशाळा

थोडा इतिहास, कारण ‘नियमच आहे’ या वाक्यापुढे तो उपयोगी पडतो.

मोडी लिखाणात शब्दसुद्धा सुटे लिहायची पद्धत नव्हती, विरामचिन्हं तर नव्हतीच. बाळबोध, म्हणजे देवनागरी, पोथ्यांमध्ये एक दंड, दोन दंड एवढंच. आजची चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या नमुन्यावर आली. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात मदत करणारे तेच हे. त्याआधी बखरीत, पत्रात कुणाचं बोलणं द्यायचं तर ते कुठे संपलं हे ‘म्हणोन’, ‘ऐसे बोलिले’ असे शब्द सांगत. अवतरणचिन्हाचं काम शब्दच करायचे.

आणि ते शब्द अजून जिवंत आहेत. रोजच्या बोलण्यात ऐका: "येतो म्हणाला म्हणून थांबले, आलाच नाही." यात ‘येतो’ हे दुसऱ्याचं बोलणं आहे हे कुणालाही कळतं. बरेच मुद्रितशोधक त्याचं "तो म्हणाला, ‘येतो’, म्हणून थांबले" असं करतात. संवादाच्या आत आणखी अवतरण, त्याला दोन्हीकडून स्वल्पविराम. बोलणारी बाई एवढ्या वेळा थांबली असती तर समोरचा उठून गेला असता.

दुसरी गोष्ट, लेखननियम. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांत पात्राच्या तोंडच्या भाषेला उच्चारानुसार लिहायची मोकळीक दिलेली आहे. ‘केले, सांगितले’ ऐवजी संवादात ‘केलं, सांगितलं’ लिहितो ते त्याच आधारावर. त्यामुळे ‘गेलतीस’ला हरकत घेणाऱ्याने नियम काढून दाखवायला सांगितलं तर तुम्हीच दाखवू शकता.

जाता जाता, ‘केलं’ वरचा अनुस्वार नाकातून उच्चारायचा नसतो, शेवटचा ‘अ’ लांबतो एवढंच तो दाखवतो. १९६२ च्या आधीच्या पुस्तकांतलं ‘केलें’ वेगळं. तिथला अनुस्वार व्युत्पत्तीने आलेला होता.

सरळरेघ

मी शाळेत मराठी शिकवते आणि माझं मत थोडं वेगळं आहे.

‘मी येतो’, ‘गेलतीस’ ही त्या बोलीची रूपं आहेत, ती ठेवलीच पाहिजेत, यावर करवीर यांच्याशी सहमत. पण ‘उच्चारानुसार’ या मोकळिकीचा एक वापर मला फार खटकतो. आपण सगळेच बोलताना ‘म्हंजे’ म्हणतो. पुण्यात, मुंबईत, प्राध्यापकसुद्धा. पण कथेत प्राध्यापकाचं ‘म्हणजे’ छापलं जातं आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या बाईचं ‘म्हंजे’. उच्चार एकच, लिहिणं दोन प्रकारचं. मग ते बोलीचं दर्शन राहत नाही, एकाला शहाणा आणि दुसरीला अडाणी ठरवणं होतं. माझ्या वर्गातली मुलं हे बरोबर ओळखतात. ज्यांच्या घरी तशी भाषा आहे ती मोठ्याने वाचताना गप्प होतात.

म्हणून ओवी, तुझ्या ‘शानी’चा विचार कर. आजी ‘लई’ म्हणते, तो तिचा शब्द आहे. ‘गेलतीस’ हे तिचं क्रियापद. पण ‘शहाणी’ हा शब्द मेघा तरी ‘श-हा-णी’ असा फोड करून उच्चारते का? मेघाचं ‘शहाणी’ आणि आजीचं ‘शानी’ असेल तर तो फरक खरा आहे का, हे कानाने तपास.

स्वल्पविराम कमी करण्याला माझी हरकत नाही. फक्त वाक्य दोनदा वाचावं लागू नये.

ओवी

सरळरेघताई, हा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता, फार मोलाचा आहे. ‘ण’चा ‘न’ आजीच्या बोलण्यात सगळीकडे आहे, ‘पानी’, ‘कोन’. तो तिच्या बोलीचा भाग म्हणून ठेवते. पण ‘म्हंजे’ दोन ठिकाणी फक्त शांताक्कांना दिलेलं सापडलं, तिथे सगळ्यांना ‘म्हणजे’ करते.

रंगपट

नाटकवाल्याच्या बाजूने लिहितो. तालमीत पहिलं वाचन होतं तेव्हा नट लेखकाचे स्वल्पविराम अगदी इमानाने पाळतो आणि वाक्य मरतं. चौथ्या-पाचव्या वाचनाला तो ते सोडून देतो, मग वाक्य बोलू लागतो. कथेच्या वाचकाला तालीम मिळत नाही. त्याला पहिल्याच वाचनात ते वाक्य ऐकू यायला हवं. त्यामुळे कथालेखकाची जबाबदारी नाटककारापेक्षा जास्त आहे असं मी मानतो.

द्विरुक्तीचं घ्या. "जा जा" सलग म्हटलं की उडवून लावणं. "जा, जा" म्हटलं की खरंच घाईने पाठवणं, दार उघडून देणं. "थांब थांब" म्हणजे काहीतरी आठवलं. "थांब, थांब" म्हणजे समोरचा पुढे चाललाय आणि आपण मागून ओरडतोय. "ये ये" हे उंबऱ्यावरचं स्वागत. "ये, ये" हे लहान मुलाला पहिली पावलं टाकायला बोलावणं. ओवीची आजी सुनेला उडवून लावते आहे. "जा, जा" केल्याने ती तिला घराबाहेर काढते आहे असं झालं.

आणखी एक उदाहरण, एकांकिकेच्या एका तालमीत यावरून अर्धा तास गेला होता: "अगं बाई आली." ‘अगं बाई!’ हा उद्गार आहे, की ‘अगं, बाई आली’ म्हणजे कामाच्या मावशी आल्या? कागदावर चिन्ह नसेल तर कळायला मार्ग नाही. म्हणजे स्वल्पविराम उडवत सुटायचं असंही नाही. जिथे तो अर्थ ठरवतो तिथे तो द्यावाच लागतो, आणि तो नेमका दिसावा म्हणून बाकीची गर्दी हटवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या दृष्टीने. लिहिलेल्या मराठीत क्रियापद शेवटी. बोलण्यात आपण ते सर्रास आधी आणतो आणि बाकीचं मागे टाकतो. "आला होता काल तुझा भाऊ." "सांगितलं मी त्याला." "खाल्लंस का काही?" ही अगदी सरळ वाक्यं आहेत, यात कुठेही श्वास तुटत नाही. "कुठं गेलतीस सकाळधरनं" हे त्याच जातीचं. मागे आलेल्या शब्दाआधी सवयीने स्वल्पविराम दिला की नट तिथे थांबतो आणि उगाच टोमणा तयार होतो. "आला होता काल, तुझा भाऊ." ऐका हे. आता भाऊ येणं ही तक्रार झाली. तक्रारच दाखवायची असेल तर हे उत्तम साधन आहे, पण ते लेखकाने ठरवायचं.

वैनगंगा

आमच्या विदर्भातलाही अनुभव तोच. "काय करून राहिली वं?" याचं "काय करत आहेस गं?" होऊन येतं. "तो येऊन राहिला" याचं "तो येत आहे". अर्थ बरोबर, माणूस गेला. मात्र एक मान्य करते: पश्चिम महाराष्ट्रातला वाचक ‘येऊन राहिला’ म्हणजे आला आणि मुक्काम केला असं समजू शकतो. त्याला मी असा उपाय करते की पहिल्यांदा हे रूप येतं तेव्हा प्रसंगातूनच अर्थ उघड होईल असं वाक्य घेते, उदाहरणार्थ फाटकाशी सायकल दिसते आणि कुणी म्हणतं, "येऊन राहिला तो." पुढे समजावून सांगावं लागत नाही. तळटीप तर अजिबात नको.

स्वल्पविरामाचं म्हणाल तर "हो ना बाप्पा", "नाही ना बे" हे एका दमातच येतं. ‘ना’च्या आधी चिन्ह घातलं की वाक्य तिथेच बसतं.

सागरगोटे

मालवणीतला ‘मा’ तसाच. "येतलंस मा?" याचं "येतलंस, मा?" झालेलं मी छापून आलेलं पाहिलं आहे, वाचणाऱ्याला ‘मा’ म्हणजे आई वाटली असणार. आणि कोकणातल्या घरांतून ऐकू येणारं "दादाने सांगितलंन", "आईने केलंन" यातला शेवटचा ‘न’ टंकलेखनाची चूक समजून उडवला जातो. तो कर्त्याचा प्रत्यय आहे, ‘तू सांगितलंस’ मधल्या ‘स’सारखा. ‘स’ प्रमाणभाषेत राहिला, ‘न’ कोकणात राहिला.

हडसनकाठ

एक प्रश्न विचारते. माझ्या कथेतली मुलं इकडे न्यू जर्सीत वाढलेली, ती "आय मीन", "लाईक" असे शब्द मराठी वाक्यात पेरत बोलतात. "मी आय मीन जाणार होते पण लाईक उशीर झाला." इथे स्वल्पविराम घालू का? घातले तर वाक्य चाळणी होतं.

रंगपट

नका घालू. ती मुलं तिथे थांबत नाहीत, उलट न थांबण्यासाठीच ते शब्द येतात. फक्त प्रत्येक वाक्यात पेरू नका. एका संवादात एकदा आलं तरी वाचकाच्या कानात ती लकब पुढची दोन पानं टिकते.

खिळेजुळारी

‘की’ राहिलाच, आणि संवादात सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच होतो.

"येतो की." हा ‘की’ ठासून सांगणारा, क्रियापदाला चिकटलेला. आधी चिन्ह नको, नंतर पूर्णविराम.
"येतोस, की राहतोस?" हा ‘किंवा’चा ‘की’. स्वल्पविराम त्याच्या आधी. बरेच जण "येतोस की, राहतोस?" असं लिहितात, त्यामुळे आधी ‘येतोस की’ असं ठाम वाक्य ऐकू येतं आणि मग वाचक मागे वळतो.
"तो म्हणाला की येतो." हा जोडणारा. पाठ्यपुस्तकांच्या सवयीने याच्यापुढे स्वल्पविराम देतात, "म्हणाला की, येतो". मला तो अनावश्यक वाटतो. ‘की’ने जोडलंय, तर लगेच तोडायचं कशाला? आणि ‘की’ घातल्यावर पुढे अवतरणचिन्ह उघडू नये. एक तर "तो म्हणाला, ‘मी येतो’" किंवा "तो म्हणाला की येतो". दोन्हींची सरमिसळ फार दिसते.

अवतरणाच्या शेवटाचं थोडक्यात: "येते," ती म्हणाली. इथे स्वल्पविराम अवतरणाच्या आत. प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल तर त्यापुढे स्वल्पविराम नाही. ‘असं ती म्हणाली’ म्हटलं तर चिन्हाची गरजच नाही.

सरळरेघ

उद्गारचिन्हाबद्दल एक वाक्य. केवलप्रयोगी अव्ययापुढे उद्गारचिन्ह असं आम्ही शिकवतो, "अरेरे! फार वाईट झालं." निबंधात ठीक आहे. संवादात प्रत्येक ‘अरे’, ‘छे’, ‘अय्या’ला उद्गारचिन्ह दिलं की सगळी पात्रं किंचाळतात. तिथे "छे, कुठलं काय" असा साधा स्वल्पविराम शोभतो. इथे तरी मी पूर्ण ओवीच्या बाजूची आहे.

ओवी

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. संपादकांना परत पाठवायचा उतारा असा केला आहे:

"काय गं मेघा, कुठं गेलतीस सकाळधरनं?"
"बँकेत. तुम्हाला सांगून गेले होते की."
"हो का? मला वाटलं माहेरी."
"माहेरी कशाला जाईन आज? उद्या पाहुणे येणारेत ना."
"जा जा, लई शानी. शांते, ऐकलीस का हिची भाषा?"
"ऐकतो की. बरं, मी येतो. गेलते सोसायटीत, बघितलं, कुलूप, आले परत, आता पुन्हा जायचं."

शेवटच्या ओळीत पाच छोटी वाक्यं स्वल्पविरामांनी जोडली आहेत. संपादकांनी तिथे पूर्णविराम दिले होते. शांताक्का दम न घेता सांगतात, म्हणून मला स्वल्पविरामच हवे आहेत. बरोबर वाटतंय का?

करवीर

स्वल्पविराम बरोबर. पण ताई, "गेलते" आणि "आले परत" कसं? त्या ‘गेलतो’ आणि ‘आलो परत’ म्हणतील. वर ‘ऐकतो’, ‘येतो’ आहे.

ओवी

"गेलतो सोसायटीत, बघितलं, कुलूप, आलो परत, आता पुन्हा जायचं." केलं. धन्यवाद दादा.

खिळेजुळारी

उतारा चांगला झालाय. एक करा: नुसता उतारा पाठवू नका. सोबत एका पानावर पात्रवार टीप द्या. शांताक्का: स्वतःबद्दल ‘येतो, गेलतो, आलो’. आजी: ‘ण’ ऐवजी ‘न’, ‘गेलतीस’, ‘लई’. मेघा: प्रमाण, फक्त शेवटच्या प्रसंगात ‘आलो, आलो’. संबोधन ‘गं’सह असेल तर सलग. मुद्रितशोधक बदलला, अंक घाईत छापायला गेला, तरी ते पान फाइलबरोबर राहतं. आणि ‘आलो, आलो’ समोर ‘हे मुद्दाम आहे’ असं लिहा, नाहीतर शेवटच्या प्रुफात कुणीतरी ते ‘आले, आले’ करेल.